शिशाची पेटी आणि लिथियमची पेटी

राजांच्या, लढायांच्या आणि तहांच्या हकीकतीस आपण इतिहास म्हणतों, आणि तें यथार्थच आहे. परंतु घरांतील एखाद्या सामान्य वस्तूसहि तिचा स्वतःचा इतिहास असतो. आणि ती वस्तु टाकून दुसरी घेण्याची वेळ आली म्हणजे तो इतिहास ठाऊक असणें फार उपयोगी पडतें. आज अशाच एका वस्तूचा, म्हणजे वीज सांठवून ठेवणाऱ्या बॅटरीचा, इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. जुनी मॅट्रिक झालेला आणि सारें आयुष्य खेड्यांतील मुलांस गणित व इतिहास शिकविण्यांत घालविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. हा विषय मीं शोधून काढला नाहीं. एका थंडीच्या रात्रीं तोच माझ्याकडे चालत आला.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात. दोन वर्षांपूर्वीं दसऱ्याच्या सुमारास आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. त्यांच्यापाशीं मोटारीच्या मागें जोडून ओढून न्यावयाचें एक लहानसें घर आहे. त्यास तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आपल्याकडे धनगर ज्याप्रमाणें घोड्यावर संसार लादून गांवोगांव फिरतो, त्याप्रमाणें तिकडील कुटुंबें सुटींत हें घर मोटारीस जोडून रानावनांत मुक्कामास जातात. आंत बिछाने, चूल, मोरी, पाण्याची टांकी, सारें कांहीं असतें. चूल व ऊब देणारी भट्टी गॅसवर चालते. पण ती ऊब घरभर खेळविणारा पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप यांस वीज लागते. रानांत विजेची तार कोठली? म्हणून त्या घराच्या पुढच्या दांड्यावर बॅटऱ्या बसविलेल्या असतात. चिरंजीवांच्या ट्रेलरावर शिशाच्या दोन होत्या.

अरिझोना संस्थानांत फ्लॅगस्टाफ नांवाचें एक शहर आहे. तें समुद्रसपाटीपासून सुमारें २१०० मीटर उंच असल्यामुळें ऑक्टोबरांतच तेथें रात्रीं पाणी गोठतें. त्या शहराभोवतालच्या पाइन वृक्षांच्या अरण्यांत आमचा मुक्काम होता. माझ्या पत्नीस झोपेंत श्वास अडकण्याचा विकार आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती रात्रीं नाकावर हवेचें यंत्र लावून निजते. पहांटे तीनच्या सुमारास मला जाग आली ती आवाजानें नव्हे, आवाज थांबल्यामुळें. भट्टीचा पंखा बंद पडला होता, दिवा लागत नव्हता, आणि पत्नी उठून बसून धापा टाकीत होती. चिरंजीवांनीं धांवत जाऊन मोटारीचें इंजिन सुरू केलें, आणि मोटारीच्या विजेवर ती रात्र कशीबशी निभावली. सकाळीं ते म्हणाले, "बाबा, आतां या शिशाच्या बॅटऱ्या पुरे झाल्या. लिथियमच्या घालतों."

मीं विचारलें, "अरे, पण मग इतकीं वर्षें जगानें शिशावर भागविलें कसें?"

ते हंसून म्हणाले, "इतिहासाचे मास्तर तुम्ही. तें तुम्हीच शोधून सांगा."

तेव्हां जें शोधलें व वाचलें तें सांगतों. वीज देणारी पहिली बॅटरी इटलींतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनीं १८०० सालीं जगापुढें ठेवली. परंतु तिच्यांतील वीज एकदां संपली म्हणजे संपली. रिकामी घागर विहिरीवर नेऊन पुन्हां भरावी, त्याप्रमाणें रिती बॅटरी पुन्हां भरतां आली पाहिजे, ही गोष्ट साधली ती फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनीं, १८५९ सालीं. शिशाचे दोन पत्रे एकमेकांस न भिडतील अशा रीतीनें गुंडाळून त्यांनीं ते पाणी घातलेल्या गंधकाम्लांत बुडविले आणि त्यांतून वीज सोडली. वीज भरतांना एका पत्र्यावर शिशाचें तपकिरी ऑक्साइड तयार होई, व दुसऱ्यावर शुद्ध शिसें राही. मग वीज काढूं लागलें कीं दोन्ही पत्र्यांवर शिशाचें पांढरें सल्फेट सांचे. पुन्हां वीज भरली म्हणजे तें सल्फेट नाहींसें होऊन मूळ स्थिति येई. आजच्या शिशाच्या बॅटरींतहि याहून निराळें कांहीं घडत नाहीं.

प्लांते यांचे पत्रे कामास येण्यापूर्वीं त्यांत कित्येक दिवस पुनःपुन्हां वीज भरावी व काढावी लागे. १८८१ च्या सुमारास कामीय फोर यांनीं पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप दिला आणि हा खटाटोप वांचविला. त्या लेपांतील तांबडें ऑक्साइड म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून, आपल्याकडे परंपरेनें मारुतीच्या मूर्तीस जो शेंदूर चढवितात तोच होय. लेप दिलेल्या पत्र्यांमुळें बॅटरी कारखान्यांत झपाट्यानें होऊं लागली, आणि तिच्या जोरावर मोटारीहि धांवूं लागल्या. ताशीं १०० किलोमीटरांचा वेग ओलांडणारी पहिली मोटार पेट्रोलची नव्हती. २९ एप्रिल १८९९ रोजीं बेल्जियमचे कामीय जेनात्झी यांनीं पॅरिसजवळ जी मोटार त्या वेगानें हांकली, ती विजेवर, शिशाच्या बॅटऱ्यांवर चालणारी होती.

शिसें जड आहे हें तेव्हांहि सर्वांस समजत होतें. अमेरिकेंतील थॉमस एडिसन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं निकेल व लोखंड यांची बॅटरी काढून शिशास हटविण्याचा मोठा उद्योग केला. ती बॅटरी टिकाऊ निघाली, परंतु महाग होती आणि थंडींत तिची शक्ति फार कमी होई. इतक्यांत १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आला. त्यापूर्वीं इंजिन सुरू करावयास लोखंडी दांडा हातानें फिरवावा लागे. स्टार्टरास क्षणभर पण प्रचंड प्रवाह लागतो, आणि तो स्वस्तांत देणारी वस्तु म्हणजे शिशाची बॅटरी. अशा रीतीनें जी बॅटरी विजेच्या मोटारी चालवीत होती, तिनेंच पेट्रोलच्या मोटारीची मोठी अडचण दूर करून विजेच्या मोटारीस मागें सारलें, आणि स्वतः मात्र प्रत्येक मोटारींत ठाण मांडून बसली. बॅटरी उतरलेल्या मोटारीस धक्का मारण्यासाठीं आपण सारे कधींना कधीं खालीं उतरलों आहों. त्या धक्क्याचें मूळ या इतिहासांत आहे.

आतां फिरत्या घराकडे वळूं. कॅलिफोर्नियांतील वॉली बायम या गृहस्थांनीं अमेरिकेंत अशीं घरें बांधण्याच्या धंद्यास मोठें नांव मिळवून दिलें. त्यांच्या एअरस्ट्रीम कंपनीनें १९३६ सालीं क्लिपर नांवाचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर काढला. त्याची किंमत १२०० डॉलर होती, त्यांत चार माणसें निजत, पाण्याची सोय होती आणि विजेचे दिवेहि होते. मोटारीच्या मागें चालणारें घर मोटारीचीच वीज घेणार हें उघड आहे. १९५० नंतरच्या पांचसहा वर्षांत अमेरिकन मोटारींतील बॅटरी ६ व्होल्टांवरून १२ व्होल्टांवर गेली. शिशाच्या एका कोठ्याचा, म्हणजे सेलचा, दाब सुमारें २ व्होल्ट. असे सहा कोठे जोडले म्हणजे १२ व्होल्ट. मग ट्रेलरांतील दिवे १२ व्होल्टांचे, पंखा १२ व्होल्टांचा आणि पंपहि १२ व्होल्टांचा झाला. एका धातूच्या स्वभावावरून साऱ्या घराचें माप ठरलें. ही गोष्ट आपण लक्षांत ठेवावी. पुढें तिचें महत्त्व दिसून येईल.

मग त्या रात्रीं आमची फसगत कां झाली? शिशाच्या बॅटरीवर १०० अँपिअर-तास असें लिहिलेलें असलें तरी तितके खर्च करावयाचे नसतात. निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. रिती होऊन ती कांहीं दिवस तशीच पडली, तर पत्र्यांवरील सल्फेटाचे कठीण खडे बनतात आणि वीज भरली तरी ते जात नाहींत. म्हणजे दोन बॅटऱ्यांचे मिळून २०० अँपिअर-तास ही केवळ वहींतील शिल्लक. हातीं यावयाचे १०० च. आमच्या बॅटऱ्या चार वर्षांच्या जुन्या होत्या, त्यामुळें तितकेहि उरले नव्हते. भट्टीचा पंखा, पत्नीचें यंत्र आणि किरकोळ खर्च धरून आमची गरज ताशीं सुमारें ८ अँपिअरांची होती. संध्याकाळीं सहापासून पहांटे तीनपर्यंत नऊ तास. गणिताच्या मास्तरानें हा गुणाकार निजण्यापूर्वीं करावयास हवा होता.

शिशाची जागा घेणारा लिथियम हा धातु सर्व धातूंत हलका आहे. इतका कीं तो पाण्यावर तरंगतो, आणि तरंगतां तरंगतां पाण्याशीं झोंबून वायु सोडूं लागतो. १८१७ सालीं स्वीडनमधील योहान आर्फव्हेडसन यांस एका दगडाचें पृथक्करण करतांना त्याचा पत्ता लागला, म्हणून दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव ठेवण्यांत आलें. इतका हलका व इतका उतावळा धातु बॅटरीच्या कामाचा, हें कळण्यास कठीण नव्हतें. त्याला काबूंत ठेवणें कठीण होतें.

१९७३ च्या तेलटंचाईच्या काळांत एक्सॉन या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं टायटेनियम डायसल्फाइड वापरून लिथियमची बॅटरी तयार केली. तिच्यांत शुद्ध लिथियम धातु होता. वारंवार वीज भरतांना त्या धातूस सुईसारखे कांटे फुटत, ते पलीकडच्या बाजूस जाऊन भिडत, आणि बॅटरी पेटे. १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं कोबाल्ट ऑक्साइडाचा उपयोग दाखवून दिला. १९८५ सालीं जपानचे अकिरा योशिनो यांनीं दुसऱ्या बाजूस शुद्ध लिथियमऐवजीं कोळशाच्या जातीचा पदार्थ घातला. आतां बॅटरींत लिथियम धातुरूपानें राहिला नाहीं. त्याचे कण, ज्यांस आयन म्हणतात, ते वीज भरतांना एका बाजूस आणि काढतांना दुसऱ्या बाजूस, झोपाळ्याप्रमाणें येरझारा घालूं लागले. १९९१ सालीं सोनी कंपनीनें ही बॅटरी बाजारांत आणली.

परंतु कोबाल्ट महाग आणि तापला तर प्राणवायु सोडून आगीस मदत करणारा. तेव्हां गुडइनफ आणखी शोध करीतच राहिले. टेक्सास विद्यापीठांत अक्षय पाधी व इतर सहकाऱ्यांसह त्यांनीं १९९७ सालीं लोखंड आणि फॉस्फेट यांचा उपयोग प्रसिद्ध केला. लोखंड स्वस्त व विपुल. आणि फॉस्फेटांतील प्राणवायु इतका घट्ट बांधलेला कीं सहजासहजी सुटत नाहीं, म्हणून आगीचें भय पुष्कळ कमी. या पदार्थांतून वीज नीट वाहत नसे. त्याच्या बारीक कणांवर कोळशाचा पातळ थर देऊन तो दोषहि पुढें दूर करण्यांत आला. ट्रेलरांत बहुधा वापरतात ती हीच लोह-फॉस्फेटाची लिथियम बॅटरी.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्याकडे ५८ व्या वर्षीं शिक्षकास नारळ देऊन घरीं पाठवितात. गुडइनफ यांचा कोबाल्टाचा शोध ५८ व्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा आणि लोह-फॉस्फेटाचा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचा आहे. २०१९ सालीं त्यांस, व्हिटिंगहॅम यांस व योशिनो यांस मिळून रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें, तेव्हां गुडइनफ ९७ वर्षांचे होते. २०२३ सालीं वयाच्या शंभराव्या वर्षीं ते निवर्तले. श्रोत्यांपैकीं जे माझ्यासारखे निवृत्त असतील, त्यांनीं हें मनांत ठेवावें.

आतां मघांचें माप आठवावें. लोह-फॉस्फेटाच्या एका कोठ्याचा दाब सुमारें ३·२ व्होल्ट. असे चार कोठे जोडले म्हणजे १२·८ व्होल्ट होतात, आणि हें माप शिशाच्या सहा कोठ्यांच्या अगदीं जवळ येतें. कोबाल्टाच्या जातीचे कोठे ३ घेतले तर दाब थोडा पडतो आणि ४ घेतले तर अधिक होतो. म्हणजे शिशानें घालून दिलेल्या घरांत शिशाचा वारस म्हणून नेमका बसणारा हाच कोठा निघाला. हा केवळ योगायोग. पण त्यामुळें ट्रेलरांतील एकहि दिवा किंवा पंखा बदलावा लागत नाहीं.

लाभहि मोठे आहेत. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी वजनानें २८ ते ३० किलो, तर लिथियमची ११ ते १३ किलो. शिशाची निम्मी वीज वापरावयाची, हिची जवळजवळ सारी वापरतां येते. तिला वीज भरण्यास सबंध दिवस, हिला कांहीं तास पुरतात. शिशाची बॅटरी निम्मी रिती करून भरण्याच्या खेपा कांहीं शतें मोजाव्या, तर हिच्या हजारांनीं. ज्या गरजेपुढें आमच्या जुन्या बॅटऱ्यांनीं नऊ तासांत मान टाकली, तिला लिथियमच्या दोन बॅटऱ्या दोन रात्री पुरून उरतात.

इतकें ऐकून कोणासहि वाटेल कीं जुनी पेटी काढावी, त्या जागीं नवी ठेवावी, आणि काम झालें. मलाहि तसेंच वाटलें होतें. प्रत्यक्षांत चिरंजीवांस तीन सुट्यांचे दिवस खपावें लागलें, आणि मी दिवा धरून शेजारीं बसलों होतों. त्या घराची प्रत्येक खुंटी शिशाच्या स्वभावास धरून ठोकलेली होती.

पहिली गोष्ट जागेची. शिशाच्या बॅटरींतून वीज भरतांना हायड्रोजन वायु निघतो, म्हणून ती घराबाहेर, पुढच्या दांड्यावर ठेवीत. लिथियमच्या बॅटरीची अडचण उलट आहे. शून्य अंशाखालच्या थंडींत तिच्यांत वीज भरूं लागल्यास आंत लिथियम धातूचे थर सांचतात, ती कायमची बिघडते, आणि पुढें धोक्याचीहि होऊं शकते. म्हणून तिला घरांत, बिछान्याखालीं, उबेस जागा द्यावी लागली. आपल्या लेंकरासारखें तिला थंडींत आंत घ्यावें लागतें. पण पुढच्या दांड्यावरून साठ किलो वजन उतरल्यामुळें घराचा तोल बदलला. ट्रेलराच्या एकंदर वजनापैकीं दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या जोडावर पडला पाहिजे. तो कमी झाल्यास वेगांत ट्रेलर सापासारखा वळवळूं लागतो. म्हणून सामानाची मांडणीहि पुन्हां करावी लागली.

दुसरी गोष्ट वीज भरण्याची. जुना चार्जर शिशाच्या दाबास जुळलेला होता. तो नवीस पुरतें भरीना, म्हणून बदलला. प्रवासांत मोटारीच्या अल्टरनेटरवरून वीज येते. शिशाची बॅटरी भरत आली कीं स्वतःच प्रवाह आवरून घेते. लिथियमची बॅटरी अधाशासारखी शेवटपर्यंत ओढीत राहते, आणि त्या ओढीनें अल्टरनेटर तापून जळूं शकतो. म्हणून मध्यें प्रवाहास लगाम घालणारें एक उपकरण बसवावें लागलें. तारा आणि फ्यूजहि नव्या प्रवाहास पेलतील असे घालावे लागले.

तिसरी गोष्ट शिल्लक समजण्याची. शिशाच्या बॅटरीची वीज संपत आली कीं दाब हळूहळू उतरतो, दिवा मंद होतो, पंख्याचा सूर बदलतो. म्हाताऱ्या बैलाप्रमाणें ती आधीं पावलें मंदावून धन्यास सूचना देते. लिथियमची बॅटरी शेवटपर्यंत एकाच दमानें चालते, आणि मग तिच्यांतील रक्षक यंत्रणा एकदम दार लावून घेते. म्हणून आंत किती वीज आली व बाहेर किती गेली, याचा जमाखर्च ठेवणारें मापक स्वतंत्र लावावें लागलें.

चवथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चालतां चालतां ट्रेलर मोटारीपासून सुटला, तर एक तार ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ते ब्रेक ट्रेलराच्या बॅटरीवर चालतात. समजा नेमक्या त्या वेळीं लिथियमच्या रक्षक यंत्रणेनें दार लावून घेतलेलें असलें, तर ब्रेक लागणार नाहींत, आणि एक घर रस्त्यावर मोकाट सुटेल. चिरंजीवांनीं यावर उपाय केला तो ऐकण्यासारखा आहे. केवळ ब्रेकांसाठीं त्यांनीं शिशाची एक लहानशी बॅटरी दांड्यावर तशीच ठेवली. मी म्हणालों, "अरे, म्हातारा अगदींच घराबाहेर गेला नाहीं तर." ते म्हणाले, "बाबा, भरंवशाच्या कामास अजून तोच लागतो."

श्रोतेहो, येथवर विनोदानें ऐकलेंत. आतां जें सांगणार आहें तें सांगतांना माझा मलाच संकोच वाटतो.

काढलेल्या दोन बॅटऱ्या अंगणांत पडलेल्या पाहून मीं चिरंजीवांस विचारलें, "यांचें आतां काय करणार?" तो प्रश्न मीं कां विचारला हें त्यांस ठाऊक नव्हतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. दुसरींत असतांना तो पाढे असे म्हणे कीं ऐकत राहावें. त्याचे वडील जुन्या बॅटऱ्या विकत घेत, घराच्या मागें त्या फोडीत, ॲसिड नाल्यांत ओतीत, आणि आंतील पत्रे कढईंत वितळवून शिशाच्या लाद्या करून विकीत. मुलगा शाळेंतून गेला कीं कढईशीं बसे. चवथींत आला तेव्हां त्यास पंधराचा पाढाहि आठवेना. पोट दुखतें म्हणे, वर्गांत पेंगे, उगाच चिडे. मला वाटलें, पोरगें आळशी झालें. मीं त्यास छडी मारली. एकदां नव्हे, पुष्कळदां. पुढें मोठ्या शहरांतील डॉक्टरांनीं रक्त तपासून सांगितलें कीं मुलाच्या अंगांत शिसें भिनलें आहे. बापानें तो धंदा सोडला. मुलगा वांचला, मोठा झाला, आज कष्ट करून पोट भरतो. पण ते पाढे त्यास पुन्हां कधीं आले नाहींत. तो अजून मला रस्त्यांत वांकून नमस्कार करितो, आणि मला त्याच्याकडे पाहवत नाहीं.

हें एकाच गांवचें दुर्दैव नव्हे. सेनेगल देशांत डाकार शहराजवळ थियारोय-सुर-मेर या वस्तींत जुन्या बॅटऱ्यांतील शिसें काढण्याच्या धंद्यामुळें २००७ व २००८ च्या सुमारास १८ मुलें दगावलीं. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असा अंदाज आहे कीं जगांतील सुमारें ८० कोटि मुलांच्या रक्तांत धोक्याच्या प्रमाणांत शिसें आहे. दर तीन मुलांमागें एक असें हें प्रमाण पडतें. शिसें अंगांत जाण्याच्या वाटा अनेक असल्या, तरी बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळविणें ही त्यांतील एक मोठी वाट आहे. दोष शिशाचा नाहीं. नीट बांधलेल्या कारखान्यांत शिसें पुनःपुन्हां वितळवून वापरतां येतें, आणि अमेरिकेंत जुन्या बॅटऱ्यांपैकीं बहुतेक सर्व अशा रीतीनें परत येतात. आमच्या बॅटऱ्याहि एका दुकानदारानें ठेवून घेतल्या, आणि वर कांहीं डॉलर दिले. मीं त्यांची पावती जपून ठेवली आहे. चिरंजीव हंसले, पण मग मीं त्यांस त्या मुलाची हकीकत सांगितली, तेव्हां ते गप्प झाले.

लिथियमहि निर्मळ आहे असें मानण्याचें कारण नाहीं. चिली देशांतील आटाकामा या अति कोरड्या प्रदेशांत जमिनींतील खारें पाणी उपसून, उन्हांत आटवून तो मिळवितात, आणि त्या पाण्यावरून तेथील रहिवाशांत तक्रारी आहेत. लोह-फॉस्फेटाच्या बॅटरींत कोबाल्ट व निकेल नाहीं ही गोष्ट चांगली. पण त्याच कारणानें जुनी बॅटरी फोडून मिळणारा मालहि कमी किंमतीचा, म्हणून ती परत घेण्यास व्यापारी तितका उत्सुक नसतो. आपल्या देशांत २०२२ सालीं झालेल्या नियमांनीं शिशाच्या व लिथियमच्या दोन्ही बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारांत आणणाऱ्यांवर टाकली आहे. नियम चांगला आहे. पण तो पाळला जाणें हें दुकानदाराइतकेंच, पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकावरहि अवलंबून आहे.

फिरतें घर आपल्यापैकीं फारच थोड्यांपाशीं असेल. परंतु इन्व्हर्टर आतां खेड्यांतील घरांतहि आला आहे, आणि त्याच्या खालीं बहुधा शिशाचीच पेटी असते. आज ना उद्यां तिच्या जागीं लिथियमची पेटी घेण्याचा विचार पुष्कळांच्या मनांत येईल. तो अवश्य करावा. त्या रात्रीनंतर आम्ही दोन वेळां त्याच अरण्यांत राहिलों, आणि दोन्ही वेळां पत्नी सकाळपर्यंत शांत निजली; याहून मोठें प्रशस्तिपत्र मी काय देणार? परंतु पेटी बदलण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. जुन्या पेटीच्या भरंवशावर घरांतील आणखी काय काय उभें आहे? आणि ही जुनी पेटी येथून निघाल्यावर कोणाच्या अंगणांत जाऊन पडणार आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर वायरमन देईल. दुसऱ्याचें उत्तर आपणच शोधावयाचें आहे. मीं तें तीस वर्षांपूर्वीं शोधलें असतें, तर एका मुलाचे पाढे कदाचित् वांचले असते.